गंगाधरपंतांची ढेरी

मी ढेरी बोलतेय. गंगाधरपंतांची ढेरी म्हणून लोकांनी मला ओळखलं, पण पंतांच्या अंगावर मूठभरही मांस नव्हतं. तळेगावच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. खुंटीला टांगल्यासारखा सदरा त्यांच्या खांद्यांवरून लोंबायचा.

मूकपटांचे दिवस होते. भाजे गावाजवळ एका कंपनीचं चित्रण चाललं होतं आणि सुट्टीत पंत तिथे पडदे रंगवायला गेले होते. कोतवालाचं काम करणारा जाडजूड नट तापाने आडवा झाला. दिग्दर्शकाने पंतांकडे निरखून पाहिलं. म्हणाला, "मिशी झकास आहे. पोटाचं तेवढं बघा."

ते पंतांच्या पत्नीने, प्रमोदिनीबाईंनी, बघितलं. मांजरपाटाचं कापड, आत सावरीचा कापूस, मागे बांधायला बंद. असा माझा जन्म झाला.

"अहो, आता चाला बघू," बंद आवळून त्या म्हणाल्या. पंत चालले आणि बाई हसत हसत खालीच बसल्या.

माझं वजन ते काय! पण पडद्यावर चोरामागे धावताना पंत असे धापा टाकत, जणू कमरेला भाताचं पोतं बांधलंय. मग आम्हाला कामावर कामं मिळाली. राजाचा आचारी झालो. चव बघता बघता तो अख्खं ताटच संपवायचा. नवरीचा हावरट मामा झालो. नायकाचं नाव विसरलेले लोकही आमची नक्कल करत.

वलवणच्या धरणाच्या पाण्यावर आम्ही होडीतले शेठजी होतो. होडी थोडी हलवायची, एवढंच ठरलं होतं. ती उलटलीच. पंतांना पोहता येत नव्हतं. पण सावरीचा कापूस लवकर भिजत नाही. माझ्या जोरावर पंत उताणे तरंगू लागले. गर्दीत उभं राहायला आलेला बजरंग नावाचा शेतकरी काठावरून ओरडला, "पंत, पोट सोडू नगा!" आणि त्याने उडी टाकली. घाबरलेला कॅमेरावाला मात्र हँडल फिरवतच राहिला. तो प्रसंग चित्रपटात आला आणि जिथे लागला तिथे लोक लोटपोट झाले. पंत वाचले. मी कितीतरी दिवस उन्हात वाळत पडले होते.

पुढे बोलपट आले. पंतांना दुष्काळातल्या बापाचं काम मिळालं. हा बाप पोरांना भरवून स्वतः उपाशी राहतो. "या वेळी ढेरी नको," पंत म्हणाले. मी ट्रंकेतच राहिले. रुसले होते, खोटं कशाला सांगू?

तो बोलपट लागला आणि एका सकाळी दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. डोक्यावर गाठोडं.

"शिनेमातलं पंत हितंच ऱ्हात्यात का? मी भाज्याची झुंबरबाई. लोनावळ्याला तंबूत बघितलं तुमास्नी. लय वाळलात वो भाऊ! आदी कसं भरल्यालं अंग व्हतं. आंबेमोहर आनलाय, खावा."

"मावशी, मी पहिल्यापासून असाच आहे."

"न्हाई भाऊ. आजारी मानूस आसंच बोलतो." तिचे डोळे भरून आले.

पंतांना ते बघवेना. ते आत आले, घाईघाईने मला बांधलं, वर सदरा चढवला आणि बाहेर गेले. "बघा मावशी. आता बरा आहे ना?"

झुंबरबाईने माझ्यावर तळवा ठेवला. हळूच दाबलं. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात खिळल्या होत्या.

"व्हय, बरं वाटलं," म्हणत ती निघाली. उंबऱ्यापाशी मात्र मागे वळली.

"भाऊ, सदऱ्याखालनं मागला बंद लोंबतोय, त्यो बांदा. ढेरी खोटी आसंल तर आसूद्या. तांदूळ खरा हाय. पोटभर खावा."

मग प्रमोदिनीबाईंना हसू फुटलं, झुंबरबाईला फुटलं, आणि पंत मला दोन्ही हातांनी धरून हसले. इतकी वर्षं मी लोकांना पोट धरून हसताना पाहत आले होते. त्या दिवशी धरलेलं पोट मी होते.

आता पंत काम करत नाहीत. माझ्या कापसाच्या गुठळ्या झाल्यात आणि मी झोपाळ्यावर लोडासारखी पडलेली असते. कधी आलात तर माझ्यावर खुशाल रेलून बसा. शिवण उसवली तरी लाजू नका. प्रमोदिनीबाई सुई ओवून बसलेल्याच असतात.