रिकामे परत

“डबे हायेत, का मोडीत घातले?” दार उघडताच तुळजाबाईंनी विचारलं.

सोनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई गेल्यापासून शेजारच्या या बाई भाजी-भाकरी पाठवत होत्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण. पण भरून द्यायला सोनालीच्या घरी शिजत होतं कुठे? डबे ओट्यावर साठत गेले.

“मावशी, रविवारी नक्की भरून देते.”

“अगं, माझ्याकडं आता एक बी डबा ऱ्हायला न्हाई. तुला द्यायचं तरी कशात? वंजळीत?”

सोनाली खाली मान घालून ऑफिसला निघाली. तिथे वेगळीच आग लागली होती. कंपनीने बनवलेलं नवं नेटवर्क कार्ड थोडा वेळ छान चालायचं आणि मग डेटा घेणंच बंद करायचं. कार्डाकडून डेटा उचलणारा प्रोग्राम सोनालीचा. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्यासमोर असंच झालं, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

“मॅडम, आपलं कार्ड मौनव्रतात गेलंय,” संजय सर म्हणाले. “आपण उठवताय, की उदबत्ती लावू?”

सोनाली स्क्रीनला चिकटून बसली. मेमरीत ओळीने कप्पे. प्रत्येक कप्प्याची एक चिठ्ठी, तिला म्हणतात डिस्क्रिप्टर. कप्पा कुठे आहे आणि सध्या कोणाच्या ताब्यात, एवढंच त्यावर. कार्ड आपल्या ताब्यातल्या रिकाम्या कप्प्यात आलेली फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, ठेवतं, मग प्रोग्राम ती उचलून वर पोचवतो आणि कप्पा कार्डाला परत देतो. शेवटचा कप्पा झाला की पुन्हा पहिला.

“अरे, सगळे कप्पे आपल्याकडेच अडकलेत!” शेजारचा आमोद म्हणाला. “कार्डकडे एकही एम्प्टी नाही. बिचारं फ्रेम ठेवणार कशात?”

सोनाली ताडकन उठली. “वंजळीत!”

“काय?”

तिने धडाधड कोड उघडला. वाटेत खराब झालेली फ्रेम आली, की वर द्यायला काही नाही म्हणून तिचा प्रोग्राम तिथूनच मागे फिरायचा, कप्पा परत न करताच. दर खराब फ्रेममागे एक कप्पा अडकत होता. “आमोद, हा तर डिट्टो माझ्यासारखा वागतोय रे! द्यायला काही नसलं तरी कप्पा द्यायचाच. रिकामा तर रिकामा!”

दोन ओळी बदलल्या. आमोदने मुद्दाम खराब फ्रेम्सचा मारा केला. कार्ड चालूच. आकडे धावत होते, लोक खुर्च्या सोडून मागे जमले, कोणीतरी शिट्टी मारली. सोनालीला लहान मुलीसारखं नाचावंसं वाटत होतं. गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन झाला, कार्ड चालूच.

“आता हे कार्ड थांबायचं काय घेईल?” संजय सर म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी.

संध्याकाळी डब्यांची चळत घेऊन सोनालीने शेजारची बेल दाबली.

“मावशी, रिकामेच आणलेत.”

तुळजाबाईंनी डबे घेतले, आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन परत आल्या. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: शैला.

“तुझ्या आयचा. वैशाखी पौर्णिमेची खीर दिली व्हती ह्यातनं. रिकामा कसा द्यावा, म्हून ऱ्हायला. मग तर ती गेलीच.”

 सोनालीने आईचा डबा दोन्ही हातांनी घेतला, रिकामाच.