नऊ फेब्रुवारीची मंडळी

रेडिओ केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत सोळा लाकडी खण होते आणि त्या खणांत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची कार्डं. ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळं केंद्र कार्डबाई म्हणायचं. रोज घरी निघण्याआधी बाई दुसऱ्या दिवशीच्या वाढदिवसांची यादी टाइप करून निवेदकाच्या टेबलावर ठेवत. सकाळी सातला निवेदक ती वाचे. काय वाचतोय याच्याशी त्याचा संबंध नसे; आवाज मात्र भारदस्त होता.

नोकरीला लागल्या त्या वर्षी बाईंच्या हातून एक चूक झाली. एका नव्या गायकाचं कार्ड करायचं होतं. आवाजामुळे लोक त्याला मखमल म्हणायला लागले होते. जन्मतारखेचा रकाना कोरा ठेवायचा नाही, असा तेव्हाच्या मोठ्या कारकुनाचा दंडक. तारीख तर कुणालाच ठाऊक नाही. समोर वाद्यवृंदातल्या क्लॅरिनेटवाल्या काकांचं कार्ड पडलं होतं, त्यावर नऊ फेब्रुवारी. बाईंनी तीच उतरवून काढली. मागाहून विचारून दुरुस्त करू, असं मनाशी ठरवलं, तेवढ्यात चहा आला आणि ते राहूनच गेलं.

नऊ फेब्रुवारीला निवेदकाने दोन्ही नावं वाचली. काकांना एकही पत्र आलं नाही. मखमलला तीन पोती आली. बाईंना वाटलं, आता तो येणार, आरडाओरडा करणार, आपली नोकरी जाणार. तो आला खरा, पण फुलं घेऊन.

"बाई, आजवर कुणी माझा वाढदिवस लक्षात ठेवला नव्हता," तो म्हणाला.

बाईंनी फुलं पाण्यात ठेवली. पुढच्या वर्षी मखमलने त्या दिवशी नवी रेकॉर्ड काढली. ती तुफान खपली. त्यानंतर काय झालं कोण जाणे, पण गाण्याच्या दुनियेत नऊ फेब्रुवारीला पालवी फुटली. लाडात गाणारी एक गायिका होती, तिला राणी म्हणत. तिने केंद्राला पत्र पाठवलं, की तिची आतापर्यंत छापून येणारी तारीख सेक्रेटरीच्या गाढवपणामुळे चुकली होती. खरी नऊ फेब्रुवारी. मग भूकंप नावाने गाजलेला गिटारवाला आला. मग जुळे भाऊ आले. त्यांतल्या एकानेच पत्र पाठवलं होतं. दुसऱ्याला आपली तारीख बदलल्याचं महिन्याने कळलं. एका मासिकाने 'नऊ तारखेचं गूढ' असा लेख छापला. त्यात एका प्राध्यापकांनी त्या दिवसांतली हवा आणि बाळाचे कान यांचा संबंध उलगडून दाखवला होता. प्रसूतिगृहांत आयाबाया डॉक्टरांना म्हणे विचारायला लागल्या, आठ तारखेचं बाळंतपण नऊवर ढकलता येईल का.

एकोणीस वर्षं गेली. केंद्राचे नवे साहेब उत्साही होते. त्यांनी जाहीर केलं, की यंदा नऊ फेब्रुवारीला नऊ तारखेच्या सगळ्या कलावंतांचा केंद्राच्या सभागृहात सत्कार! बाईंची झोप उडाली. शेवटी धीर करून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, एक वर्ष केली तर चूक. एकोणीस वर्षं केली की परंपरा. जा, खुर्च्यांचं बघा."

मग त्या थेट मखमलच्या घरी गेल्या. तो आरशासमोर बसून केसांना रंग लावून घेत होता. बाईंचं बोलणं ऐकून त्याने मान हलवली, तसा रंग कानाला लागला.

"मला माहीत आहे हो. आई म्हणायची, तू भर उन्हाळ्यात झालास, वॉर्डातला पंखा बंद होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"उन्हाळा घेऊन मी काय करू? उन्हाळ्यात कुणाचा सत्कार झालाय?"

बाई परत आल्या, तर जिन्यात क्लॅरिनेटवाले काका बसलेले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. पायरीवर टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला कागद.

"पोरी, खाली त्या सत्काराची नावं घेतायत. मी म्हटलं माझंही घ्या. तर ती मुलगी म्हणते, कार्ड दाखवा."

बाईंनी खण उघडला आणि त्यांना आठवलं. दहा वर्षांत ज्यांचं काही वाजलं नाही त्यांची कार्डं काढून टाका, असा दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला होता. बाईंनीच एका दुपारी ती गठ्ठ्याने रद्दीत दिली होती. ज्या कार्डावरून हा सगळा पसारा वाढला, ते कार्डच जागेवर नव्हतं.

काकांचा तो कागद घेऊन त्या पुन्हा साहेबांकडे गेल्या. प्रसूतिगृहाचा दाखला होता. शिक्का, सही, वजन, सगळं होतं.

"हा खाजगी कागद झाला," साहेब म्हणाले. "आपण केंद्राचं कार्ड मानतो. आणि स्टेजवर सातच खुर्च्या बसतात, बाई. शिवाय यांना ओळखतं कोण?"

"साहेब, त्या दिवशी खरोखर जन्मलेले एवढे एकच आहेत!"

"असतील. त्यात त्यांचं कर्तृत्व काय?"

बाई कागद घेऊन परतल्या. पण आठ फेब्रुवारीला संध्याकाळी त्यांनी यादी टाइप केली, तेव्हा तिच्यावर एकच नाव होतं. काकांचं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे 'क्लॅरिनेटवादक, तीस वर्षं या केंद्राच्या सेवेत'. कागद टेबलावर ठेवला आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण चक्क शीळ घालतोय.

सकाळी सातला निवेदकाने नेहमीच्या भारदस्तपणे ते वाचलं. सात वाजून चार मिनिटांनी पहिला फोन. राणीचा सेक्रेटरी. मग भूकंप स्वतः. जुळे भाऊ दोघंही, वेगवेगळे. केंद्राच्या फोनला उसंत मिळेना. साडेसातला मखमल लाइनवर आला; त्याचा आवाज मुळीच मखमली नव्हता.

"बाई, माझं नाव राहिलं!"

"तुमचं उन्हाळ्यात घेऊ," बाई म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला.

आठच्या बातम्यांनंतर साहेबांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर निवेदकाने वाचला. आज सकाळी अनवधानाने एका चुकीच्या व्यक्तीच्या वाढदिवसाचा उल्लेख झाला, त्याबद्दल केंद्र दिलगीर आहे. खाली ते चुकीचं नाव, पूर्ण. पुढे सात बरोबर नावं. नऊला बाईंच्या हातात बदलीचा कागद पडला. तळघरात, जुन्या टेपांच्या गोदामात. बाईंनी पर्स उचलली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बेकरीतून एक केक घेऊन काकांचं घर गाठलं. दिलगिरी ऐकून म्हाताऱ्याच्या जिवाला किती लागलं असेल, हाच विचार वाटभर चालला होता.

दार सुनेने उघडलं. "या, बघा तुम्हीच. सकाळपासून बाबांनी डोकं उठवलंय."

काका पलंगावर क्लॅरिनेट जोडत बसले होते. चेहरा नुसता फुललेला.

"ऐकलंस ना, पोरी? एका सकाळी दोनदा! तीस वर्षं वाजवलं, वाजवणारा म्हणून एकदाही निवेदकाने माझं नाव घेतलं नाही, नुसतं 'आणि साथीदार'. आज दोनदा! दुसऱ्यांदा तर बातम्यांना लागून!"

"काका, दुसऱ्यांदा ते चूक म्हणून..."

"अगं, नाव घेतलं की नाही?"

बाई खुर्चीवर बसल्या. सून सुरी आणायला आत गेली. काकांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, गाल फुगवले, आणि इतका भयानक सूर निघाला की समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली.

"तोंडाची वेताची पट्टी वाळलीय," काका म्हणाले, "थांब जरा," आणि पुन्हा फुंकायला लागले.