दोघींपैकी उरेल ती

लेटिस एक्याऐंशी वर्षांची, विनिफ्रेड चौऱ्याऐंशीची, आणि दोघींपैकी कुणालाही आधी मरायचं नव्हतं. वडील लॉर्ड थ्रेपवुड गेले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. किताब दोन्ही मुलींवर सारखाच आला, पण किताबाची काही वाटणी होत नाही. त्यामुळे दोघी जिवंत असेपर्यंत तो अधांतरी. मूलबाळ कुणालाच नाही. मागे उरेल ती लेडी थ्रेपवुड.

इंग्लंडात नॉरफोकच्या किनाऱ्यावर, वडिलांच्याच घरात दोघी एकमेकींवर डोळा ठेवून ओट्सची लापशी खायच्या. एक समुद्राच्या बांधावर फिरायला निघाली की दुसरीही बूट चढवायची.

"आज दम लागला का गं?" लेटिस फार मायेने विचारायची.

"तू बस वाट बघत," विनिफ्रेड म्हणायची आणि पाय उचलायची.

फेब्रुवारीत विनिफ्रेडला न्यूमोनिया झाला. डॉक्टर चेहरा पाडून गेले. लेटिसने मनातल्या मनात मांडे खाल्ले, खोटं कशाला बोला. पण चहा होईपर्यंतच. मग ती बार्लीचं सूप घेऊन वर गेली.

विनिफ्रेडने भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको. घे तुझा तो किताब. मला कंटाळा आलाय."

लेटिस घाबरली. जन्मात कधी टोस्टचा मोठा तुकडा न सोडणारी ही बाई आज आपणहून माघार घेत होती.

"मला नको तुझी भीक! तोंड उघड."

"नाही."

"अगं भवाने, तू मेलीस तर मी मिरवू कुणापुढे? गावाला कसलं कौतुक? माझ्यावर जळणारी तू एकटीच आहेस ना!"

विनिफ्रेड हळूहळू कुशीवर वळली. मग तिने तोंड उघडलं. "मीठ कमी आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी दार वाजलं. गावचे पाद्री मिस्टर पेलिंग टोपी छातीशी धरून उभे होते. डॉक्टरांचा पडलेला चेहरा त्यांनी रस्त्यात पाहिला होता. ते कमरेत वाकले. "लेडी थ्रेपवुड, आपल्या दुःखात..."

चाळीस वर्षं लेटिस या दोन शब्दांसाठी थांबली होती. कानाला फार गोड लागले. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"कोण लेडी थ्रेपवुड? इथे कुणी नाही त्या नावाची," ती कडाडली, "आणि देवाच्या दयेने इतक्यात होणारही नाही!"

तिने धाडकन दार लावलं आणि मीठ घेऊन वर गेली.