नवाबला चालवायचं होतं

नेवासा ते फाटा असा टांगा हाकून मी तेवीस वर्षं पोट भरलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं नवाब टांग्याला होता. येवल्याच्या बाजारातून आणला तेव्हा पाच वर्षांचा होता. तांबडा रंग, चारी पाय खाली पांढरे.

टांग्याला बहुतेक जण घोडी नाहीतर खच्ची केलेला घोडा जुंपतात. मी नवाबला तसा केला नव्हता. आसपासचे धनगर त्यांच्या घोड्या त्याच्याकडे फळवायला आणत. आले की मला आधी चहा पाजत, नाना नाना करत. मला ते आवडायचं. एरवी टांगेवाल्याला कोण विचारतं?

बहात्तर सालच्या चैत्रात आमच्यातल्याच बन्सी टांगेवाल्यानं घोडी घेतली आणि ती फाट्यावर आमच्याच रांगेत उभी करायला लागला. तोवर आमच्या रांगेत बाकीचे सगळे खच्ची घोडेच होते. एके दिवशी शाळेतल्या रोझीबाई माझ्या टांग्यात बसल्या होत्या. नवाब त्या घोडीकडे उसळला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, टांगा कलला आणि बाई खाली पडल्या. त्यांचा हात मोडला. त्यांनी तक्रार केली नाही, पण हवालदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर टांग्याच्या परवान्याचा बिल्ला काढून घेईन.

मी बन्सीला म्हणालो, "तुझी घोडी पलीकडं बांध."

"पलीकडं कुठं, उसात? फाटा एकच हाय नाना. माझी घोडी काय डोईवर पदर घिऊन उभी ऱ्हाईल व्हय? तुमचं म्हातारं आवरा की."

बाकीचे हसले. पण म्हणणं सगळ्यांचं तेच होतं. विकायचा म्हटलं तर सोळा वर्षांचा, अंगावर येणारा घोडा घेणार कोण? महिनाभर विचार करून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले. "सोळा वर्षांचा? हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करायचं असतं. या वयात रक्त जास्त जातं, सूज जास्त येते. आणि स्वभाव बदलेलच असं मी सांगू शकत नाही."

"दुसरा इलाज साहेब?"

"घोडीपासून लांब ठेवा."

"ते जमलं असतं तर आलो नसतो."

डॉक्टर थोडा वेळ नवाबच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि मग हो म्हणाले. कागदावर माझा अंगठा घेतला. गवताचा थर अंथरून, पायांना दोर लावून नवाबला आडवा केला, गुंगीचं औषध दिलं. मी डोकं धरून बसलो होतो. फार वेळ लागला नाही. दवाखान्यात पैसेही फार लागले नाहीत.

निघताना डॉक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं, "उद्यापासून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवायचं. जखम वरून मिटली तर आत घाण साचते. चालण्यानं ती वाहून जाते. त्याला दुखेल, तो थांबेल, तरी चालवायचं. निम्मं काम मी केलंय, निम्मं तुमचं."

कंपाउंडर कृपादान फाटकापर्यंत आला. तो म्हणाला, "नाना, बैलावानी करू नका बरं. बैल बडवला, खच्ची केला, की तुम्ही बांधून ठेवता, खाऊ घालता. घोड्याचं तसं न्हाई."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवाबला घेऊन निघालो. मागचे पाय फाकवून, ताठ टाकत तो चालत होता. मधूनच रक्ताचा थेंब रस्त्यावर पडायचा. गावातल्या रस्त्यावर दोन-चार टांगे गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते. बन्सी बिडी ओढत बसला होता. त्यानं उठून वाकून मुजरा केला.

"या बेगमसाहेब, या. नाना, आता माझ्या घोडीला मैत्रीण झाली म्हना की."

सगळे खो खो हसले. हसणं ऐकून घोडीनं मान वर केली, आणि नवाबला तिचा वास आला असावा. त्यानं मान ताठ केली, खिंकाळला, पुढे जायला झेपावला आणि कळ आली तशी पाठीत वाकला. तो तसाच वाकून थरथरत उभा राहिला. ते बघून हसणं आणखी वाढलं. एक धनगर दुकानाच्या पायरीवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं घोडी माझ्याकडे आणली होती. तो हसला नाही. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी नवाबला तिथूनच माघारी वळवला. त्या दिवशी तो दहा मिनिटंसुद्धा चालला नसेल.

संध्याकाळी माझी बायको छबूबाई म्हणाली, "जा की. चालवायची येळ झाली."

मी त्याला घेऊन नदीकडे उतरलो. काठाखाली बाभळींची सावली आहे, तिथं वरून कुणाला दिसत नाही. मी त्याला तिथं उभा केला आणि शेजारी बसलो. तो डोळे मिटून एक पाय सैल सोडून उभा राहिला. मला वाटलं, याला बरं वाटतंय. अकरा वर्षं हा चाललाच आहे. बैलालासुद्धा आपण पंधरा दिवस देतो, मग यानं काय पाप केलंय? डॉक्टर तरुण आहेत, पुस्तकातलं सांगतात. असं मी मनाला सांगितलं. खरं ते एवढंच की मला त्याच्याबरोबर रस्त्यावर कुणाला दिसायचं नव्हतं.

तासाभरानं घरी आलो. छबूबाईनं विचारलं, "चालला का?"

"चालला."

पुढचे चार दिवस दोन्ही वेळा तेच केलं. तिसऱ्या दिवशी रक्त गळायचं थांबलं, जखम कोरडी दिसायला लागली. मी खूश झालो. मी केलं तेच बरोबर होतं, असंही मनात आलं.

पाचव्या दिवशी पोटाखाली सूज आली आणि सहाव्या दिवशी ती मांडीपर्यंत उतरली. नवाबनं कडबा सोडला. मी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर दौऱ्यावर होते. कृपादान सायकलवर घरी आला. त्यानं सूज दाबून पाहिली.

"नाना, चालवताय ना रोज?"

मी बोलायच्या आत छबूबाई पुढे झाली. "दोन्ही येळा. नदीवर जाऊन येत्यात, तास तास. सोताच्या पायाला भेगा पडल्यात, पन खाडा न्हाई केला."

कृपादाननं माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," मी म्हणालो.

"मग उतरायला पाहिजे होती सूज. वयामुळं असंल." त्यानं लावायला औषध दिलं. "डॉक्टर परवा येतील. तोवर चालवत ऱ्हा."

त्या संध्याकाळी मी त्याला खरंच चालवायला नेला. नदीच्या वाटेवर तो उभाच राहिला. मी दोरी ओढली, बाजूनं ढोसला, मागून ढोसला. शेवटी चाबूक मारला. नवाबला टांग्यातसुद्धा कधी चाबूक लागला नव्हता, नुसता हवेत वाजवला की तो धावायचा. दोन फटके बसल्यावर त्यानं चार पावलं टाकली. मग मान खाली घालून उभा राहिला आणि मला काही केल्या त्याला हलवता आलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा त्याचं अंग तापलं होतं. त्यांनी हात धुतले, बोट घालून मिटलेली जखम उघडली. आतून जे आलं त्याच्या वासानं छबूबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मग उभं राहून त्यांनी मला विचारलं, "खरं सांगा. रोज चालवलं?"

कृपादान तिथं होता. छबूबाई दाराबाहेरून ऐकत होती.

"व्हय साहेब. रोज."

त्यांनी सुई पेटीत ठेवली. मग म्हणाले, "तर मग चूक माझी. या वयात मी हात लावायला नको होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवाब गेला.

डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि मला वाचता येत नव्हतं म्हणून वाचून दाखवलं. घोडा वयस्क, सांगितलेली काळजी मालकाने नीट घेतली, तरी दगावला. त्याखाली मी अंगठा उठवला.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. टांगा विकला. मी आणि छबूबाई रस्त्याच्या कामावर जायला लागलो. कार्तिकात एका सकाळी पाथर्डीकडचा एक माणूस घोडा घेऊन दारात आला. नाव गोरक्षनाथ. घोडा काळा, चौदा वर्षांचा, बरगड्या मोजता येत होत्या.

ओट्यावर टेकत तो म्हणाला, "नाना, आमच्याकडं न चारा ऱ्हायला न पानी. केडगावचा मेव्हना ह्याला सांभाळतो म्हंतो, त्याचा टांगा हाय. पन त्याच्याकडं दोन घोड्या. खच्ची करून आन, मगच दारात घेतो, म्हंतो. आमच्या हिकडच्या डॉक्टरानं हितं धाडलं, तर हितले साहेब हात लावंनात. म्हंत्यात, नेवाशातला एक गेला माझ्या हातून, रोज चालवूनसुदिक. आता वयाच्या घोड्याला मी सुरी लावनार न्हाई. म्हनून म्हनलं, तुमालाच इचारावं. खरंच रोज चालवत हुता? काय चुकलं-बिकलं आसंल तर सांगा. मी साहेबाच्या पाया पडतो, आन तुमी सांगाल तसं करतो."

छबूबाई आत भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "न्हाई हो भाऊ. पोटच्या पोरावानी केलं त्यांनी त्याचं. रोज दोन्ही येळा. त्याचं वयच झालं हुतं."

गोरक्षनाथ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "चालवत हुतो."

मग उठून त्यानं घोड्याची दोरी सोडली. "मग ऱ्हाऊ द्या. उगं त्याला कापून मारन्यात काय हाय?"

"आता काय करनार?"

"रानात सोडतो. पानी आसंल तिकडं जाईल त्याचं त्यो."

"पानी कुठं हाय आता?"

त्यानं राम राम केला आणि निघाला. मी दारापर्यंत गेलो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ तो होता. वेशीपाशी वळेपर्यंत जवळच होता.

छबूबाई म्हणाली, "आवं, भाकर गार व्हती. कामाला उशीर व्हईल."

मी आत येऊन जेवायला बसलो.