पाणमांजर उजव्या दाढेने खातं

मालिकेत असं आहे: डोंगरातल्या एका पुलावर एक बाई राहते, पुलकरीण. पूल ओलांडायचा तर तिला पैसे चालत नाहीत, एक खरी गोष्ट सांगावी लागते. खोटं बोलणाऱ्याच्या पायाखालची फळी निसटते. तिच्याजवळ एक तलवार आणि एक पाणमांजर असतं. पाणमांजर बोलत नाही. तलवार बाईकडे आणि अक्कल जनावराकडे, अशी एकंदर वाटणी.

ऑनलाइन खेळात असं आहे: तलवार धाकटीने पहिल्याच दिवशी काढून टाकली.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. पस्तिशी उलटली तरी बाबा, दादा आणि वहिनी तिला धाकटीच म्हणत. दिवसा ती लॅबमध्ये लोकांचे दात बनवायची. प्लास्टरचे साचे, मेण, तारा, कवळ्या. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी ती पुलकरीण व्हायची. खेळ सोपा होता. गटातल्या प्रत्येकाने मालिकेतलं एक पात्र उचलायचं, शिंप्याने कापड बेतावं तसं ते आपल्या मापाने बेतायचं आणि मग एकमेकांच्या ओळीखाली ओळ लिहीत गोष्ट पुढे ढकलायची. नियम मात्र कडक. पात्र एकाने घ्यायचं, त्याचं जनावर दुसऱ्याने. जनावराने बोलायचं नाही, फक्त करायचं. आणि खरा माणूस कोण, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

तलवार काढल्यावर हात रिकामा राहिला, म्हणून धाकटीने एक नवी चाल घातली. जी बाई साऱ्या जगाकडून खरं वसूल करते, तिनेही कुठेतरी भरणा करायला हवा. म्हणून रोज फाटक लावण्याआधी पुलकरीण पाणमांजराला एक खरी गोष्ट सांगणार.

चाल चांगली होती. धाकटी अडकली ती तिथेच.

*

*पुलकरीण फाटक लावते. म्हणते, माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. वारा आत येतो आणि मी कुणाला सांगत नाही.*

*पाणमांजर कान टवकारतं. नदीतून शिंपला काढतं. उजव्या दाढेत धरून फोडतं.*

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावरून आली तर तिच्या खोलीची खिडकी घट्ट लागलेली. फटीत पुठ्ठ्याची घडी बसवलेली. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, अर्धी अक्षरं अजून दिसत होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली. खिडकीचं तिने या घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त एका पाणमांजराला.

*

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल.

धाकटीला समुद्राकाठच्या एका शहरात, मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळाली होती. तिने फोनवर होही म्हटलं होतं. महिनाअखेर जायचं होतं आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. कारण पूर्वी एकदा अशीच परगावची नोकरी चालून आली होती, तेव्हा बाबांनी अन्नावरची वासना उडाली म्हणून ताट सरकवलं होतं. रागावले नाहीत, नको म्हणाले नाहीत. फक्त जेवेनात. पाण्याच्या टाकीवर जन्मभर पंप चालवलेला माणूस, कुठली चावी पिळली की कुठला नळ बंद होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. चार दिवसांत धाकटी विरघळली. नोकरी गेली आणि बाबांना भूक लागली.

या वेळी ती शेवटच्या दिवशीच सांगणार होती, बॅग दारात ठेवून. तेवढ्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं. आणि तीच धाकटी, खिडकीच्या आधीच, एका संध्याकाळी लिहून बसली होती:

*पुलकरीण म्हणते, मी हा पूल सोडून समुद्राकडे जाणार आहे. फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला अजून माहीत नाही.*

*पाणमांजर पाण्यात बुडी मारतं. बराच वेळ वर येत नाही.*

*

पहिला संशय वहिनीवर. बिस्किटं वहिनी आणते. शिवाय वहिनीचा अंगठा फोनवर उंदीर पळावा तसा पळतो.

"वहिनी, कुणाशी एवढं लिहितेस गं?"

"तुझ्या भावाशी. शेजारच्या खोलीत आहे, पण हाक मारली तर ऐकू येत नाही. मेसेज पाठवला की धावत येतो."

"माझी खिडकी तू बंद केलीस?"

"मी? वन्संबाई, मला माझ्या खोलीचा पंखा पुसायला वेळ नाही." वहिनीने फोन पालथा ठेवला. पालथा का ठेवला, हे धाकटीने मनात लिहून ठेवलं. "का गं? काही चोरीला गेलं का?"

"काही नाही."

"मग चेहरा असा का, ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्यासारखा? की चोरासारखा?"

धाकटी हसली नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि त्या दिवसांत तिच्या मनात पौर्णिमाच होती.

*

तिने गट चालवणाऱ्याला निरोप पाठवला. त्याला सगळे पंच म्हणत.

"माझं पाणमांजर कोण आहे?"

"नियम."

"नियम माहीत आहे. तरी."

"तरी नियमच." मग थोड्या वेळाने: "एवढंच सांगतो. बाकी सगळी जनावरं मी चिठ्ठ्या टाकून वाटली. हे एकटंच असं, ज्याने स्वतः पूल मागून घेतला. हाच पूल हवा म्हणाला."

*म्हणाला.* का *म्हणालं?* पंच माणसाबद्दल बोलत होता की जनावराबद्दल? धाकटीने तो शब्द दहादा वाचला. मग फोन बंद केला. आता तिला घरातला प्रत्येक आवाज जरा जास्तच स्पष्ट येऊ लागला होता.

*

उत्तर लॅबमध्ये मिळालं, जेवणाच्या सुट्टीत. एका हातात मेण लावायची सुरी, दुसऱ्या हातात फोन. ती जुन्या ओळी वर वर सरकवत वाचत होती.

*उजव्या दाढेत धरून फोडतं.*

*मासा उजव्या गालात घेतं, हळूहळू चावतं.*

*मान उजवीकडे कलती करून खातं.*

प्रत्येक वेळी उजवीकडे. डावीकडे एकदाही नाही. मालिकेतलं पाणमांजर सगळ्या तोंडाने खायचं, कचाकचा. हे असं एका बाजूने कोण खातं? ज्याला दुसऱ्या बाजूला बोचतं तो. जनावर बेतताना त्या माणसाने शेपूट बेतली, मिशा बेतल्या, आणि तोंड मात्र नकळत स्वतःचं घातलं.

त्या संध्याकाळी धाकटी टेबलावर सगळ्यांची तोंडं बघत बसली. दादा दोन्हीकडून, घाईत. वहिनी दोन्हीकडून आणि बोलत बोलत. बाबांनी सफरचंदाची फोड उचलली, उजव्या गालात सरकवली आणि मान किंचित कलती केली.

बाबांची अर्धी कवळी तिनेच बनवलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण बाबा? बाबांना बटणं मोठी करून दिल्याशिवाय फोन लावता येत नाही. दुपारभर कानात इयरफोनची ती दोन बोंडं घालून जुने सामने बघतात, असं घरात धरून चाललेलं. सामने बघतात, हे सांगितलं होतं कुणी? बाबांनीच. आणि पुलाचा खेळ उघडा असलेला फोन ती कितीदा तरी जेवणाच्या टेबलावर तसाच सोडून उठायची.

म्हाताऱ्या तोंडांत उजवीकडून खाणारी हजार असतील. संशय म्हणजे पुरावा नव्हे. धाकटीला पुरावा हवा होता.

"बाबा, कवळी द्या. लॅबमध्ये नेऊन साफ करून आणते."

"स्वच्छ तर आहे."

"तुम्हाला दिसते तेवढी. आतून नाही."

बाबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पाठ वळवून कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून दिली.

लॅबमध्ये तिने ती साच्यावर बसवली. डावीकडची तार केसभर आत वळलेली होती, हिरडीला लागत असणार. किती महिने लागत असेल, आणि या माणसाने चकार शब्द काढला नाही. तिने तार सरळ केली, घासली, बोटाने तपासली. सकाळी नेलेली कवळी दुपारच्या सुट्टीत घरी आणून दिली आणि तशीच परत कामावर गेली.

संध्याकाळी तिने लिहिलं:

*पुलकरीण पाणमांजरापुढे अक्रोड ठेवते.*

उत्तर यायला वेळ लागला. शेजारच्या खोलीत खुर्ची करकरली.

*पाणमांजर अक्रोड हुंगतं. डाव्या दाढेत धरतं. फोडतं. चकित होतं.*

*

आपलेच दात, आपलेच ओठ. आता काय करायचं?

बाबांना सगळं माहीत होतं. समुद्र, महिनाअखेर, म्हातारा पहारेकरी, सगळं. आणि तरी ते रोज नीट जेवत होते. हेच तिला जास्त भयंकर वाटलं. या वेळी कुठली चावी पिळणार आहेत? की तीच जुनी राखून ठेवली आहे, बॅग दारात येईपर्यंत?

तिने पाण्यात खडा टाकून पाहायचं ठरवलं. पुलावर पहिल्यांदा खोटं बोलली.

*पुलकरीण म्हणते, मी बेत बदलला. समुद्राकडे जात नाही. इथेच राहते.*

बाबांना हवं होतं ते हेच. पाणमांजर आता तिच्या पायाशी येऊन झोपेल, खूश होईल, आणि आपल्याला कळेल की हा सगळा पहारा कशासाठी होता. ती पडद्याकडे बघत राहिली.

*पाणमांजर तिच्याकडे बघतं. पुलाची एक फळी हलते. पाणमांजर तिची ओढणी दातांत धरतं आणि तिला पुलाखाली नेतं.*

*पुलकरीण जाते,* तिने लिहिलं. *खाली काय आहे?*

*खाली शिंपल्यांचा ढीग आहे. सगळे रिकामे. मागे एकदा पुलकरीण जायला निघाली होती, तेव्हा पाणमांजराने खाणं सोडलं होतं. हे शिंपले त्या दिवसांतले आहेत.*

धाकटीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन हातात घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली. वहिनी कपबशा पुसत होती.

"वहिनी, त्या वेळी बाबांनी जेवण सोडलं होतं ना. खरंच सोडलं होतं?"

वहिनीचा हात थांबला. "आज हे कुठून निघालं?"

"सांग ना."

"मला वाटलं होतं ही गोष्ट माझ्याबरोबर वर जाईल." वहिनीने बशी ठेवली. "ताटावर नाही जेवायचे. बिस्किटं खायचे, उशाखाली ठेवून. रोज एक खोका. आणून कोण देत होतं वाटतं?"

"तू."

"मग काय करणार? तू गेलीस तर यांचं सगळं माझ्या गळ्यात, हेही होतंच की. खोटं कशाला बोलू." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "रागव हवं तर. पण आज का विचारलंस ते सांग."

धाकटी रागावलीच होती. एवढी, की हसू येत होतं. चार दिवस ती दाराबाहेर रडत उभी होती आणि आत बिस्किटं चालली होती. ती तशीच बाहेरच्या टेबलाकडे वळली.

बाबा टेबलाशी बसले होते, चहा पुढ्यात. कानातली बोंडं काढून नीट गुंडाळून ठेवलेली, जणू कुणीतरी येणार हे ठाऊक असावं. ती समोर बसली. कोण आहे हे विचारायचं नाही, हा नियम दोघांनाही पाठ होता.

"बाबा, मी समुद्राकाठी नोकरी धरलीय. महिनाअखेर जातेय."

बाबांनी बिस्किट चहात बुडवलं. डावीकडून खाल्लं. सावकाश गिळलं.

"डावीकडची तार अजून जराशी बोचते," ते म्हणाले. "जायच्या आधी बघून जा."

"आ करा."

त्यांनी तोंड उघडलं. तिने बोट आत घालून तारेवरून फिरवलं. तार गुळगुळीत होती, कुठेही लागत नव्हती. बाबा वरच्या दिव्याकडे बघत होते, तोंड उघडं, डोळे अगदी स्थिर.

"हो, बोचतेय," धाकटी म्हणाली. "उद्या करून आणते."