नाव माझं, चूक मास्तरची

मित्रांनो, मी एक जुनी गाण्याची पेटी आहे. बाजाची पेटी नव्हे, तबकड्या वाजवणारी. झाकण उघडलं की आत ताटली, ताटलीच्या बाजूला माझा हात आणि हाताच्या टोकाला सुई. अंगावर लाल रेक्झिन. आता ते कोपऱ्यांवर सोललंय, पण रंग बघा, अजून तसाच आहे. आजकालच्या वस्तूंचा रंग एक उन्हाळा टिकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने रेक्झिन चिकटवलं, तिसरीने ताटली फिरवून कान लावला आणि म्हणाली, "ही चांगली बोलेल." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. तेव्हा साठचं दशक होतं. गिटारी घेतलेली पोरं टोळ्या करून गायची आणि जग त्यांच्यामागे वेडं झालं होतं.

दुकानाच्या काचेतून मला एका तरुण शिंप्याने उचललं. त्याला सगळे मास्तर म्हणत. लग्न नुकतंच झालेलं. त्याची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, मला बघून म्हणाल्या, "घरात दोन खुर्च्या नाहीत, आणि हे ध्यान कशाला आणलंत?"

मास्तर म्हणाला, "अगं, ऐक तरी."

वहिनींनी ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं आहे. पण दुकानात ठेवा. माझ्या डोक्याशी ही केकाटणारी पोरं नकोत."

अशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत आले. एका बाजूला कापडाचे तागे, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल. मास्तरकडे तेव्हा एकच तबकडी होती, चार पोरांच्या बँडची. चौघांचे केस कपाळावर सारखे कापलेले, अंगात बिनकॉलरचे कोट. मास्तरने ते पाकीट बघून बघून तसाच कोट स्वतःला शिवला.

एकदा शाळेत भूगोल शिकवणारी एक बाई झगा आखूड करून घ्यायला आली. आत मी गात होते. बाई मापं द्यायची विसरली आणि दारात उभी राहून गुणगुणायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यावरचा घड्याळं दुरुस्त करणारा भिंतीवरचं घड्याळ परत द्यायला आला. त्याने घड्याळ बगलेत धरलं आणि बाईच्या सुराखाली दुसरा सूर लावला. मास्तर पायानेच मशीन ठोकत ठेका धरून होता. गाणं संपलं तेव्हा तिघं एकमेकांकडे बघून अशी हसली, जणू एकाच घरात वाढलेली भावंडं.

झालं. दर रविवारी बैठक सुरू. घड्याळवाल्याच्या हातात सदा चिमटा आणि बोलण्यातही चिमटे, म्हणून त्याचं नावच चिमटा पडलं. बाईने तबकड्या जमवल्या. तिचा जीव त्या चौघांवर. चिमट्याचं प्रेम पाच जणांच्या दुसऱ्या बँडवर. ते केस विस्कटून, शर्ट बाहेर काढून गायचे.

बाई म्हणायची, "यांच्या आयांनी यांना कंगवा दाखवला नाही का हो?"

"तुमच्या पोरांना तर आईनेच भांग पाडून पाठवलंय," चिमटा म्हणायचा. "गाणं म्हणतात की पाढे?"

मास्तर दोघांची भांडणं लावायचा आणि मजा बघायचा. मित्रांनो, मी खूप घरं पाहिली नाहीत, पण एवढं सांगते. ज्यांचं आवडतं गाणं एक असतं, त्यांचं भांडणसुद्धा गोड असतं.

एकदा नवी तबकडी आली आणि कोणी आधी ऐकायची यावरून खरंच रुसवे झाले. तेव्हा तिघांनी एक नियम केला. पेटी मास्तरची, ती दुकानात राहील. तबकड्या बाईच्या, त्या तिच्या घरी. आणि माझी सुई चिमट्याची. बैठक संपली की तो ती चिमट्याने हलकेच काढायचा, कापसात गुंडाळून डबीत ठेवायचा आणि डबी खिशात टाकायचा. म्हणजे तिघांपैकी एक जरी आला नाही, तरी गाणं नाही. एकट्याने ऐकायची सोयच नाही! वहिनी म्हणाल्या, "बँकेच्या तिजोरीला तरी दोनच चाव्या असतात." पण तो नियम तिघांनी वर्षानुवर्षं पाळला. केस पिकले, दात हलले, बाजारात नवी यंत्रं आली. रविवारी मात्र मीच.

मला त्याचा गर्व होता. आता हसू येतं.

मग बाईचा पाय मोडला. ती बहिणीकडे राहायला गेली. तिचं घर बंद, भिंतींना ओल. म्हणून तबकड्यांचा खोका तिने दुकानात आणवला. "मास्तर, मी येईपर्यंत सांभाळा. वाजवू मात्र नका हं."

"बाई, डोळ्यात तेल घालून जपेन," मास्तर म्हणाला. मी तिथेच होते. मी ऐकलंय.

चिमटा तरीही दर रविवारी यायचा. दोघं चहा प्यायचे, बाईच्या पायाची चौकशी करायचे. सुई खिशातच. मी गप्प होते, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. शब्द पाळताना गप्प बसावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.

अशातच काही झकपक मंडळी कोट शिवायला आली. त्यांचं एक मंडळ होतं, साठच्या दशकातल्या बँडच्या चाहत्यांचं. सगळ्यांना निळे, बिनकॉलरचे कोट हवे होते. मास्तरला त्यांनी डोक्यावर घेतलं. "मास्तर, तुम्ही खरे चाहते! अस्सल जुनी पेटी, अस्सल तबकड्या! आमच्या जलशाला घेऊन या ना."

मास्तरचा ऊर असा फुगला, की कोटाची बटणं तुटतील. चिमट्याला विचारायची त्याची छाती नव्हती. "बाई नाही, तर गाणं नाही," हे उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याने जुन्या बाजारातून दुसरी सुई आणली. जाड टोकाची, फार जुन्या तबकड्यांना लागते तशी. शिंप्याला सुयांची पारख असते म्हणतात. कापडाच्या असेल बाबा!

जलशाच्या हॉलमध्ये मला टेबलावर ठेवलं. माणसं नाचायला लागली, जमीन हादरायला लागली आणि माझा हात उड्या मारायला लागला. मास्तरने काय करावं? कापड उडू नये म्हणून जसं वजन ठेवतात, तसं त्याने कोटाचं एक पितळी बटण निळ्या दोऱ्याने माझ्या हातावर बांधलं. मी सगळी ताकद लावून खरखरले. कुणाच्या लक्षात येतंय? ते माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. गाणं चालू असताना बडबडत होते. मास्तर मध्ये उभा राहून सांगत होता, "हे सगळं मी जमवलंय." बाईचं नाव नाही. चिमट्याचं नाव नाही. ती जाड सुई नांगरासारखी बाईच्या तबकड्यांवरून फिरत राहिली आणि तो नांगर माझ्या हातात होता. मित्रांनो, यासारखं दुःख नाही.

बाई परत आली, काठी टेकत. नवा कोरा झगा, तोंडभर हसू. चिमट्याने डबी काढली, सुई लावली. चौघांची तबकडी ठेवली. तिसऱ्या गाण्याच्या आधी गाणारा पोरगा खोल श्वास घेतो. तिघं दरवेळी त्याच्याबरोबर श्वास घ्यायची. बाईने डोळे मिटले, छाती भरून घेतली.

श्वास आलाच नाही. नुसती खरखर आली.

"मास्तर, तो श्वास कुठे गेला हो?" बाईने विचारलं.

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेटी म्हातारी झाली, बाई. बिघडली असेल. किती वर्षं चालणार?"

माझ्या तारांतून आग गेली. ज्याच्यासाठी आयुष्यभर गायले, त्याने सगळ्यांसमोर माझ्यावरच खापर फोडलं!

चिमट्याने चष्म्यावर भिंग चढवलं. "थांबा, बघतो. हिला मी काही आजच ओळखत नाही." त्याने माझा हात उचलला, खालून पाहिलं आणि चिमट्यात काहीतरी धरून उजेडात नेलं. निळ्या दोऱ्याचा तुकडा. त्यावर मास्तरची ती दुहेरी गाठ. घाईत कात्रीने बटण तोडून काढताना मागे राहिलेली.

"ही गाठ काय पेटीने मारली?" चिमटा म्हणाला.

मास्तरचं तोंड उतरलं. पण हट्ट सुटेना. "एकदाच वाजवली. त्यात काय आभाळ कोसळलं?"

"मी सांभाळायला दिल्या होत्या," बाई हळू म्हणाली. "मला विचारलं असतंत तर काठी टेकत आले असते, आणि तुमच्याबरोबर नाचलेही असते."

मास्तर म्हणाला, "मी म्हणतो ना, पेटीच खराब झाली आहे."

बाईने काठी उचलली. खोका उचलायला चिमट्याने मदत केली. जाताना त्याने एकही टोमणा मारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मास्तरने मला उचलून दुकानाच्या काचेत ठेवलं, शोभेला. माझ्या ताटलीवर दोऱ्यांची रिळं मांडली. गिऱ्हाईक विचारतं, "वाजते का हो?" मास्तर सांगतो, "नाही, केव्हाच बिघडली."

एक दिवस वहिनी काच पुसत होत्या. त्यांनी माझी वायर लावली आणि स्विच दाबला. मी फिरले! लाल, पिवळी, पांढरी रिळं गोल गोल फिरायला लागली.

"अहो, ही तर छान चालते की," वहिनी म्हणाल्या.

"बंद कर," मास्तर मशीनवरून न उठता म्हणाला.

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. "मी नाही करणार. तुमच्या हाताने करा." आणि त्या आत निघून गेल्या. मास्तर उठला, माझ्याजवळ आला, आणि स्विचवर बोट ठेवून नुसता उभा राहिला. मग त्याने मला बंद केलं आणि परत शिवायला बसला.

मित्रांनो, वस्तूंची धूळ पुसा, त्या पडू देऊ नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागते. विश्वासाने कुणी तुमच्याकडे काही ठेवलं, तर आधी तो विश्वास जपा. आणि हातून चूक झालीच, तर "माझ्याने झालं" एवढं म्हणा, मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. मास्तर त्या रविवारी एवढं बोलला असता तर बाई रडली असती, चिमट्याने त्याची सालटी काढली असती, आणि पुढच्या रविवारी तिघं पुन्हा भांडायला बसली असती. मी त्यांना ओळखते. त्यांना मी तोडलं नाही. मी बिघडलेही नाही. निदान तुम्ही तरी हे चार जणांत सांगा.