पार्वताने काढलेली विहीर

धुरपताबाई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, हे शाळेत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांच्या लेखी त्या पाहुणे आले की फळ्यावर कमळं काढणाऱ्या आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की वर्ग गप्प बसवणाऱ्या बाई. लाखांदूरच्या पुढे, यष्टी जिथून परत फिरते, त्या गावातली ही खाजगी शाळा. बाईंची नेमणूक एप्रिलमध्ये संपायची आणि सचिव गोमाजी पाटलांची मर्जी असली तर जूनमध्ये पुन्हा लागायची. अठ्ठ्याहत्तर साली पाटील म्हणाले होते, यंदाचं वर्ष नीट पार पाडा, पुढच्या जूनपासून कायम करतो. बाईंच्या आईने, बायजाबाईने, दुसऱ्यांच्या बांध्यांत धान रोवून रोवून लेकीला नागपूरला चित्रकला शिकवली होती. त्यात तिची पाठ वाकली ती वाकलीच. कायम झालो की आईला रोवणीला जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच बाईंच्या डोक्यात होतं.

अशात केवळराम सर आले. भंडाऱ्याला उभा जन्म चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. घरी करमेना, म्हणून जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना मदत करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. महिन्यातून एकदा यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि तास संपला की विचारायचे, “बाई, आज पोट्टे काय पाहायले शिकले?”

पहिल्या वेळी बाईंना रागच आला. फळ्यावर सुबक फुलदाणी काढली होती, सगळ्या वर्गाने ती सुबक उतरवली होती. आणखी काय पाहिजे होतं या म्हाताऱ्याला?

“यातल्या एकाच्या तरी घरी फुलदाणी आहे काय जी?” सर म्हणाले.

बाई हसल्या, पण रात्रभर ते वाक्य त्यांना टोचत राहिलं.

पुढच्या खेपेला दोघांनी वर्गाच्या फरशीवर खडूने अख्खं वर्ष आखलं. रोवणीत अर्धा वर्ग शेतावर असतो, तर त्या दिवसांत वाकलेली माणसं काढायची. पोळ्याला मातीचे बैल. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेची गर्दी. आणि धान घरात आलं की ‘आपलं गाव’. शिवाय प्रत्येक तासानंतर बाईंनी स्वतःला विचारायचं, आज कुठे फसलं आणि काहून फसलं. बाई संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून घरी जाताना हे मोठ्याने विचारत जायच्या. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं! पोरं खरंच पाहायला लागली होती. एकाने बैल मागून काढला, कारण तो रोज बैलाच्या मागेच चालायचा. बाईंना शिकवण्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग पार्वताने विहीर काढली. पार्वता आठवीतली, पाटलांच्याच भावकीतली, हात मोठा धीट. विहिरीच्या ओट्यावर चौघी बायका पाणी ओढताहेत. आणि लांब, कागदाच्या पार कोपऱ्यात, तिघी रिकामे गुंड, पाण्याचे हंडे, घेऊन बसल्यात. मधला सगळा कागद कोरा.

सर चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ पाहत राहिले. “मोकळी जागा काय सोडली पोरीनं! सारं चित्र तिनंच तोललं. बाई, हे प्रदर्शनाच्या दारात लावा.”

बाईंनाही तो तोल दिसला. कोपऱ्यातल्या एकीची पाठ वाकलेली होती. ती कुणाची, हे जिने पहिल्यांदा ओळखायला हवं, तिला फक्त रेषेतला जोर दिसला. दोघं चित्रकलेतले जाणकार, पण दोघांनाही विहीर काही दिसली नाही. काय म्हणावं या जाणकारीला!

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी सरही मुद्दाम आले होते. दुपारी गोमाजी पाटील प्रदर्शन पाहायला आले आणि दारातच थांबले.

“हे काय होय?”

“विहीर आहे जी,” बाई म्हणाल्या.

“ते मलेही दिसते. ह्या बाया तिकडे काहून बसल्या?”

तेव्हा बाईंना दिसलं. छप्पन साली त्यांचं घर बौद्ध झालं होतं. घरातले देव गेले, विहिरीवरची जागा तेवढी तीच राहिली. ओट्यावर चढायचं नाही. वरची कोणी बाई गुंडात पाणी ओतून देईल, तोवर लांब बसायचं. बाई स्वतः लहानपणी आईच्या मांडीला टेकून तिथेच बसल्या होत्या.

पाटलांनी आवाज चढवला नाही. “उद्या सभापती येऊन राहिले. गावाची अब्रू दारात टांगता? पोट्टी लहान आहे, तिच्या डोक्यात हे येत नाही. हे तुमच्या मोहल्ल्यातून आलं. दुसरं काढून घ्या तिच्याकडून, नाही तर जूनमध्ये येऊच नका.”

“पाटील, रचनेच्या अंगानं पाहाल तर...” सर म्हणाले.

“सर, तुमची गाडी चारची आहे. चुकली तर इथंच मुक्काम पडेल.”

सरांनी घड्याळ पाहिलं. फाटकापर्यंत बाई त्यांना सोडायला गेल्या, एवढ्या आशेने की हा माणूस आता तरी काही बोलेल. ते बोलले, पण खाली पाहून. “काढून घ्या बाई. नोकरी राहिली तर शिकवाल.”

“काय शिकवू सर?”

सर गाडीत चढले ते पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. बाईंना त्यांचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण पाय वर्गाकडे वळलेच होते.

त्यांनी पार्वताला कोरा कागद दिला. “विहीर पुन्हा काढून आण.”

“काहून बाई? सर तर चांगलं म्हणत होते.”

खरं सांगायची हिंमत झाली नाही. “मधात मोकळं दिसते,” बाई म्हणाल्या. “भरून काढ.”

दुसऱ्या दिवशी दारात नवं चित्र लागलं. सातही जणी ओट्यावर, खांद्याला खांदा लावून. वाकलेल्या पाठीची बाई मधोमध, स्वतः दोर ओढत असलेली. सभापतींनी चित्राला बोट लावून सांगितलं, गावात अशी एकी पाहिजे. टाळ्या पडल्या. त्याच टाळ्यांत पाटलांनी बाईंना जूनपासून कायम केल्याचं जाहीर केलं.

गर्दीतून पार्वता धावत आली. “बाई, आता बरोबर झालं न? बायजाबाईलेही वर घेतलं मी. माझी माय तिले वर चढू देत नाही, पण चित्रात घेतलं तर काय होते?”

“काही होत नाही,” बाई म्हणाल्या. “बरोबर झालं.” आणि हे बोलताना आपण या पोरीचे डोळे आपल्या हाताने मिटवतो आहोत, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

घरी बातमी सांगितली तेव्हा बायजाबाई आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, आज गोड करू. चुलीपाशी पाण्याचा थेंब नव्हता. बाईंनी गुंड उचलला.

आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. “तू कायले जातेस? तू आता कायमची बाई झाली. तुले तिथं बसलेली पाहिली तर शाळेतले पोट्टे काय म्हणतील? मी बसतो.”

आणि ती कमरेवर गुंड घेऊन विहिरीकडे निघाली. बाईंनी तिला अडवलं नाही.